‘बघू’ या शब्दाचं वजन

मराठीत ‘बघू’ नावाचा एक शब्द आहे. दिसायला दोन अक्षरी, अगदी साधा. पण त्याचा खरा अर्थ कुठल्याही शब्दकोशात मिळायचा नाही. घरी विचारावं, "बाबा, मी हरिश्चंद्रगडाला जाऊ का मैत्रिणींबरोबर?" बाबा पेपरमधून मान वर न काढता "बघू" म्हणाले, तर त्याचा अर्थ ‘नाही’. चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाले, तर ‘आईला विचार’. आणि मिशीत हसत म्हणाले, तर सरळ सॅक भरायला घ्यावी. गॅदरिंगच्या बजेटवर सही मागायला गेलं की एचओडी सरही "बघू" म्हणतात. त्यांच्या ‘बघू’चा अर्थ त्यांच्या पेनावरून लावायचा असतो. टोपण निघालं तर आशा आहे. पेन खिशाला लागलं तर पुढच्या आठवड्यात या. आणि मेसच्या काकूंना "रविवारी श्रीखंड?" असं विचारल्यावर येणाऱ्या ‘बघू’चा अर्थ आमच्या हॉस्टेलच्या तीन पिढ्यांना लागलेला नाही!

शब्द तोच, अक्षरं तीच, पण अर्थ दर वेळी वेगळा. म्हणजे अर्थ शब्दात नसतोच का? तो आवाजात असतो, डोळ्यांत असतो, पेनाच्या टोपणात असतो?

आपल्याकडे ट्रेनिंग अँड प्लेसमेंटच्या सेशन्सना बसलेल्या प्रत्येकाला याचं उत्तर तोंडपाठ आहे. कारण त्या सेशनमधे एक स्लाइड असतेच असते. पायथागोरसशिवाय भूमिती नाही, तसं त्या स्लाइडशिवाय सॉफ्ट स्किल्स नाहीत. एक गोल, त्याचे तीन तुकडे. शब्द ७ टक्के, आवाजाचा चढउतार ३८ टक्के, आणि देहबोली, म्हणजे बॉडी लँग्वेज, ५५ टक्के. मग ट्रेनर दोन्ही हात पसरून म्हणतात, "यू सी? वर्ड्स आर ओन्ली सेव्हन परसेंट!" आणि आपण सगळे ताठ बसतो. निदान पाच मिनिटं तरी.

मी ही स्लाइड आजवर चार वेळा पाहिली आहे. चौथ्या वेळी मात्र डोक्यातला इंजिनिअर जागा झाला. म्हटलं, आकडेमोड तर करून बघू. शब्दांना जर सातच टक्के वजन असेल, तर उद्या सिग्नल्स अँड सिस्टिम्सचं लेक्चर कुणी तमिळमधे घेतलं, तरी मला सरांचे हातवारे बघून ९३ टक्के कळायला हवं. डिस्टिंक्शन नक्की! कोरियन सिनेमा सबटायटल्सशिवाय बघून मला हिरो कुणावर का चिडलाय ते बारीकसारीक तपशिलांसह समजायला हवं. आणि ओरलला एक्स्टर्नलनी "नायक्विस्टचा निकष सांगा" म्हटलं, की मी नुसतं सुंदर हसून, पाठ ताठ ठेवून, हात टेबलावर मोकळे सोडून बसले तरी शंभरातले ९३ माझे. असं होतं का हो? आमच्या बॅचला तरी अजून असा एक्स्टर्नल भेटलेला नाही.

मग हे आकडे आले कुठून?

ते अल्बर्ट मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचे आहेत. ते अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवायचे. १९६७ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर केलेले दोन छोटे अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात सुटे सुटे शब्द घेतले होते. काही प्रेमाचे, काही रागाचे, काही मधलेच. ते शब्द वेगवेगळ्या सुरात म्हणून टेप केले. म्हणजे शब्द गोड आणि सूर कडू, किंवा त्याच्या उलट. ऐकणाऱ्यांना विचारलं, या बाईच्या मनात समोरच्याबद्दल काय भावना असेल? दुसऱ्या अभ्यासात तर एकच शब्द होता, ‘मेबी’. तो तीन प्रकारच्या सुरांत ऐकवायचा आणि सोबत वेगवेगळे भाव असलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे. या दोन अभ्यासांची बेरीज करून ७, ३८ आणि ५५ हे आकडे निघाले. पुढे १९७१ साली त्यांच्या ‘सायलेंट मेसेजेस’ या पुस्तकामुळे ते जगभर पसरले.

आता गंमत बघा. ‘मेबी’चं मराठी काय? आपला ‘बघू’! म्हणजे ज्या शब्दात मुळातच काही वजन नाही असा शब्द निवडायचा, तो उलटसुलट सुरात म्हणायचा, आणि मग म्हणायचं की शब्दाला फक्त सात टक्के वजन निघालं. शिवाय ५५ टक्के हे चेहऱ्याच्या हावभावाचे होते. हात कुठे ठेवावेत, पायावर पाय टाकावा की नाही, याचा त्या अभ्यासाशी काही संबंध नव्हता. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, हे समीकरण फक्त भावना आणि आवडनिवड यांच्याबद्दलच्या बोलण्याला लागू आहे, इतर बोलण्याला नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलेलं आहे. पण स्लाइडवर तेवढी जागा कुठली!

याचा अर्थ देहबोली म्हणजे थोतांड, असा काढू नका. बाबांचा ‘बघू’ मी अजून त्यांच्या मिशीवरूनच ओळखते. प्रश्न इतकाच, की शब्द आणि देह यांनी आपापसांत कामं कशी वाटून घेतली आहेत?

मला याचं उत्तर आमच्याच लॅबमधे सापडलं. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांसाठी थोडक्यात सांगते. एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे माहिती पाठवताना शून्य आणि एक अशा बिट्सची रांग जाते. वाटेत गोंगाटामुळे एखादा बिट उलटू शकतो. ते समजावं म्हणून रांगेच्या शेवटी एक जास्तीचा बिट जोडतात, त्याला पॅरिटी बिट म्हणतात. समजा ठरलं की एकांची संख्या नेहमी सम ठेवायची. मग पाठवणारा त्याप्रमाणे शेवटचा बिट लावतो. घेणारा मोजून बघतो. संख्या सम असेल तर माहिती ठीक, विषम असेल तर कुठेतरी गडबड.

देहबोली हा माझ्या मते माणसाचा पॅरिटी बिट आहे. मैत्रीण म्हणते, "मी मस्त आहे गं," पण डोळे सुजलेले आणि खांदे पडलेले. तिचे शब्द आणि देह जुळत नाहीत. आपल्या डोक्यात लगेच लाल दिवा लागतो आणि आपण विचारतो, "काय झालं, खरं सांग." मेहराबियन यांच्या टेपमधेही नेमकं हेच होतं, शब्द एक सांगतो आणि सूर दुसरं. अशा वेळी माणसं शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. ते बरोबरच आहे.

पण म्हणून नुसत्या पॅरिटी बिटवरून निरोप वाचता येतो का? छे! सुजलेल्या डोळ्यांवरून कळतं की काहीतरी बिनसलंय. घरी कुणी आजारी आहे, की बॅकलॉग लागला, की रात्रभर सबमिशन लिहीत बसली होती, हे सांगायला शब्दच लागतात. देह सांगतो की निरोपावर विश्वास ठेवावा की नाही. निरोप सांगतो तो शब्द.

"मग जिथे शब्द चालतच नाहीत तिथलं काय?" असा प्रश्न आमच्या पथकातल्या एका दादाने मला विचारला होता. मी ढोल-ताशा पथकात ढोल वाजवते. पुण्यात राहून ज्याने ऑगस्टमधे नदीपात्रात चाललेला सराव ऐकला नाही तो बहुतेक झोपेत असावा. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर शंभर ढोल एकदम वाजत असताना शेजारचा कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. तिथे सगळा कारभार हातांचा. पुढे उभा असलेला दादा बोटं वर करतो, तेवढ्यावर ताल बदलतो. तळवा खाली दाबला की आवाज उतरतो. मूठ आवळली की शंभर टिपरू एका क्षणी थांबतात. ती शांतता अंगावर काटा आणते!

हे सगळं शब्दावाचून होतं हे खरं. पण सरावाचा पहिला आठवडा आठवा. तो सगळा बोलण्यातच जातो. "दोन बोटं म्हणजे हे, मूठ म्हणजे ते, आणि माझ्याकडे बघा, प्रेक्षकांतल्या मित्रांकडे नाही!" शंभर जणांना तेच तेच सांगून दादाचा घसा बसतो. म्हणजे विसर्जनाला बोटं बोलतात ती सरावातल्या शब्दांच्या जिवावर. कुठल्याही परक्या माणसाला त्या रांगेत उभं करा, त्याला दोन बोटं म्हणजे दोन बोटंच दिसतील. खूण आधी ठरवावी लागते, मग ती बोलू लागते.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सेशन्समधे तिचा हमखास घोळ होतो. कर्णबधिर लोकांची सांकेतिक भाषा म्हणजे देहबोली नव्हे. ती पूर्ण भाषा आहे. तिला शब्द आहेत, व्याकरण आहे, आणि त्या व्याकरणात चेहऱ्याला आणि भुवयांनाही जागा आहे. भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ साली दिल्लीत स्वतंत्र केंद्र निघालं आणि २०२१ पर्यंत तिच्या शब्दकोशात दहा हजार शब्द झाले. हातांनी बोलली जात असली तरी ती ‘बोलली’च जाते.

देहाकडून काम करून घेण्यात आपल्या नाटकवाल्यांचा हात कुणी धरू शकत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. आंगिक म्हणजे अंगाने, वाचिक म्हणजे वाणीने, आहार्य म्हणजे वेषभूषेने आणि सात्त्विक म्हणजे आतून उमटणारा. चौघांनी मिळून नाटक उभं करायचं, टक्केवारी नाही! त्यातल्या सात्त्विक भावांची यादी मी वाचली आणि मला एकदम ओरलची रांग आठवली. स्तंभ, म्हणजे जागच्या जागी थिजणं. स्वेद, म्हणजे घाम. रोमांच, म्हणजे अंगावर काटा. स्वरभेद, म्हणजे आवाज फाटणं. मग कंप, वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग उडणं, अश्रू, आणि शेवटचा प्रलय, म्हणजे शुद्ध हरपणं. आठच्या आठ भाव आमच्या डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमधे डिसेंबरात आणि मेमधे एकाच सकाळी बघायला मिळतात. भरतमुनींनी इंजिनिअरिंग केलं नव्हतं, तरी यादी बिनचूक!

याच पुण्यात, भरत नाट्य मंदिरात, १६ डिसेंबर १९७२ ला विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ पहिल्यांदा झालं. प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने ते केलं होतं आणि जब्बार पटेल दिग्दर्शक होते. त्या नाटकात ओळीत उभ्या असलेल्या माणसांचाच पडदा आहे. ती माणसं प्रेक्षकांकडे तोंड करून गातात, डुलतात. आणि मग पाठ फिरवून उभी राहतात, की झाली भिंत. त्या भिंतीआड काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, आणि भिंतीतल्या कुणाला बघायचंही नसतं. आमच्या नाट्यमंडळातल्या सीनियर्सनी ‘पुरुषोत्तम’च्या तालमींच्या आधी व्यायाम म्हणून त्यातला एक तुकडा करून बघितला होता. दहा मुलांनी एकदम पाठ फिरवली आणि कॅन्टीनमागची ती साधी खोली थंड पडली. एक शब्द नाही! पुढे १९८० साली हे नाटक युरोपच्या दौऱ्यावरही गेलं. मराठीचा गंध नसलेल्या माणसालाही फिरवलेली पाठ कळली असणार. पण ती पाठ कुणाची, कुणाकडे आणि कशासाठी फिरवली, हे तेंडुलकरांच्या शब्दांशिवाय कळायचं नाही.

मराठी ही भाषा तर देहबोलीचं गोदामच आहे. पाठ फिरवणं, नाक मुरडणं, डोळे वटारणं, हात झटकणं, तोंडात बोट घालणं, काढता पाय घेणं... आपण सकाळपासून रात्रीपर्यंत शरीरच बोलत असतो. आणि या यादीत एक वाक्प्रचार आहे, ‘मान खाली घालणं’. त्याचे अर्थ दोन. लाज वाटली की मान खाली जाते. आणि मोठ्यांचा मान ठेवायचा असला तरीही मान खालीच जाते. हा दुसरा अर्थ पुण्यात हळूहळू विसरला जातोय, आणि ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट इथून सुरू होते.

माझी रूमी परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून आली आहे. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेची आणि मग तालुक्याची मराठी शाळा. "काय करायलीस?" असं विचारते म्हणून पहिल्या वर्षी मुली हसायच्या. त्याच मुली आता जर्नल पुरं करायला आणि सर्किट चालेना झालं की तिच्याकडे येतात. टीईला इंटर्नशिपसाठी एक कंपनी आली होती. रूमीने लेखी परीक्षा काढली, मुलाखतीतली तांत्रिक उत्तरंही बरोबर दिली. निकालात नाव नव्हतं. विचारल्यावर कळलं की कागदावर शेरा होता : टेक्निकल चांगलं, पण आत्मविश्वास कमी, आय कॉन्टॅक्ट नाही.

त्या रात्री ती जेवायला आली नाही. नंतर एवढंच म्हणाली, "आमच्याकडं मोठ्या माणसायच्या डोळ्यात डोळे घालून बोललं की म्हणतात, पोरगी लई शेफारली. इथं खाली बघितलं तर म्हणतात, पोरीला काही येईना. मी बघू तरी कुठं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण माझ्याकडे तिच्याकडे नसलेली एक गोष्ट होती, ती म्हणजे बारा वर्षांचं कॉन्व्हेंट. आमच्या शाळेत आवारात मराठी बोललं की एका शब्दाला पाच रुपये दंड होता. त्यामुळे प्रार्थनेच्या रांगेत आम्ही सगळं डोळ्यांनीच बोलायचो. भुवईला दंड नव्हता! आणि दर शुक्रवारी एलोक्यूशनचा तास. हनुवटी वर, खांदे मागे, शेवटच्या बाकावरच्या मुलीकडे बघ, हस. विषय पाणी वाचवा असो की माझा आवडता प्राणी, हनुवटी तीच. आज माझी ताठ पाठ बघून पॅनेलला जो ‘आत्मविश्वास’ दिसतो तो त्या शुक्रवारांचा आहे. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सशी त्याचा काही संबंध नाही. मला शाळेने एक पॅरिटी शिकवली, रूमीला तिच्या घराने दुसरी. दोघींचीही शिकवण मनापासून झाली. नशीब असं, की मुलाखत घेणारे माझ्या शाळेच्या बाजूचे निघाले.

पॅरिटीचा एक नियम मघाशी सांगायचा राहिला. पाठवणाऱ्याने सम पॅरिटी लावली आणि घेणाऱ्याचं यंत्र विषम पॅरिटीवर ठेवलेलं असलं, तर काय होतं? अगदी बिनचूक आलेला निरोपही ‘चूक’ म्हणून फेकला जातो. एक बिटही उलटलेला नसतो. फक्त दोघांनी आधी ठरवलेलं नसतं. रूमीचं नेमकं हेच झालं. तिचा निरोप बरोबर होता, आणि तिच्या गावच्या हिशेबाने पॅरिटीही बरोबर होती.

आणि याची दुसरी बाजूही आहे. एकदम दोन बिट उलटले, तर पॅरिटी बरोबरच येते आणि यंत्राला चूक कळत नाही. तसाच चुकीचं उत्तर छातीठोकपणे, डोळ्यांत डोळे घालून देणारा माणूस या चाळणीतून सहीसलामत पार होतो. असे महाभाग प्रत्येक बॅचला असतात. नावं सांगायला नकोत, तुमच्या डोळ्यांसमोर आलेच असतील.

बरं, रूमीला आत्मविश्वास नाही म्हणावं, तर तिला लॅबमधे बघा. बोर्ड बंद पडला की ती ओढणी खोचते, मल्टिमीटरची टोकं अशी धरते की जणू वैद्य नाडी बघतोय, आणि म्हणते, "थांब, हात लावू नकोस. ग्राउंड सुटलंय." आवाजात कुठेही कंप नाही. लॅब असिस्टंट काकाही बाजूला सरकतात. मुलगी तीच, देहही तोच. मग आत्मविश्वास कमी कुणाचा? आपण देहबोलीला माणसाचा स्वभाव समजतो, आणि ती तर समोर कोण बसलंय त्यावर बदलते. दोस्तांत, घरी, साहेबांपुढे, प्रत्येक ठिकाणी आपण वेगळे बसतो. स्वतःकडे बघा एकदा.

मागच्या महिन्यात कॉलेजात मॉक इंटरव्ह्यू झाले. आम्ही आठ जणी एकदम आत बसलो होतो, त्यामुळे मी हे डोळ्यांनी पाहिलं. रूमीची पाळी आली. पहिली दोन उत्तरं तिने टेबलाच्या कडेला दिली. मग पॅनेलवरच्या एका सरांनी तिच्यापुढे मार्कर धरला आणि म्हणाले, "बोलू नकोस, काढून दाखव."

ती उठली आणि पांढऱ्या फळ्याकडे वळली. म्हणजे पॅनेलकडे चक्क पाठ! त्या स्लाइडप्रमाणे याहून वाईट देहबोली नाही. तिने आकृती काढायला घेतली आणि काढता काढता आपोआप बोलू लागली. सेन्सर इथे, अँप्लिफायर इथे, गोंगाट इथून शिरतो, म्हणून फिल्टर इथे हवा. अर्धं इंग्रजी, अर्धं परभणीचं मराठी. मधे एका सरांनी शंका काढली. तेव्हा ती मार्कर हातात घेऊन वळली आणि सरांकडे बघत म्हणाली, "नाही सर, तसं केलं तर सिग्नलच कापला जाईन." बघितलं तिने! थेट डोळ्यांत. तिला ते कळलंही नाही. त्या क्षणी समोर ‘मोठं माणूस’ नव्हतं, एक चुकीची शंका होती.

दहा मिनिटं ती बोलत होती. खोलीत टक्केवारी कुणाच्याही लक्षात नव्हती.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. पुढची कंपनी अजून यायची आहे. रूमी रोज रात्री आरशासमोर उभी राहून समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघून बोलायचा सराव करते. डोळ्यांत बघितल्यासारखं वाटतं म्हणे. मी समोर बसते आणि पॅनेल होते. कधी कधी दोघींनाही हसू फुटतं आणि वॉर्डन मॅडम दार वाजवतात. ती त्यांची पॅरिटी शिकते आहे. शिकायलाच हवी, नोकरी हवी आहे. पण मला प्रश्न पडतो, दर वेळी शिकायचं ते गावाकडच्यांनीच का? टेबलापलीकडच्यांनीही कधी आपलं यंत्र थोडं फिरवून बघायला काय हरकत आहे?

म्हणून मित्रमैत्रिणींनो, पुढच्या सेशनमधे ती गोल स्लाइड आली की शांतपणे हात वर करा आणि विचारा, "सर, तो शब्द कोणता होता?" उत्तर ‘मेबी’ आहे हे तुम्हाला आता माहीत आहे. पाठ ताठ जरूर ठेवा, पण त्या पाठीला टेकायला उत्तरही तयार ठेवा. आणि आपल्या शेजारची मान खाली घालून बोलत असेल, तर ती घाबरली आहे की तुमचा मान ठेवते आहे, हे आधी विचारून घ्या. विचारायला शब्द लागतात, आणि ते सात टक्क्यांहून बरेच जड असतात.

आणि हा अंक वाचणाऱ्या सर्व सर-मॅडमना एक नम्र विनंती. ओरलच्या टेबलावर एक कोरा कागद आणि पेन्सिल ठेवत जा. थिजलेला मुलगा दिसला, घाम फुटलेली मुलगी दिसली, तर "कॉन्फिडंटली बोल" म्हणण्याऐवजी "काढून दाखव" म्हणून बघा. आमच्यातल्या कितीतरी जणांचे शब्द त्या पेन्सिलीच्या टोकाशी थांबलेले असतात.

फक्त या विनंतीवर "बघू" म्हणू नका, एवढंच!